बारशाचे नाव आणि मुखातले नाम

॥ राम कृष्ण हरि ॥



आपल्या चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण या भागात हल्ली बारशाच्या दिवशी एक वाद हमखास ऐकू येतो. माळकरी आजोबा म्हणतात, "नातवाचे नाव विठ्ठल ठेवा." सूनबाई म्हणतात, "मामंजी, शाळेत पोरं हसतील. रोहित ठेवू, नाहीतर आदित्य." पाळणा हलतो, घुगऱ्या वाटल्या जातात, पण आजोबा ओसरीवर तोंड फिरवून बसलेले असतात. गोड दिवशी घरात अढी पडते. तेव्हा या गोष्टीचा शांतपणे विचार करू.

मुलाला देवाचे नाव का ठेवावे, याचे उत्तर भागवताच्या 6व्या स्कंधातील अजामिळाच्या कथेत आहे. आचार सोडलेल्या त्या ब्राह्मणाने अंतकाळी यमदूत पाहून धाकट्या पोराला हाक मारली. पोराचे नाव होते नारायण! तेवढ्या हाकेने विष्णुदूत धावून आले. पोराला दिवसातून पन्नास वेळा हाक मारावीच लागते. त्या निमित्ताने मुखी नाम यावे, हा यातला हेतू.

संतांच्या घरी हेच दिसते. नामदेवरायांचे पुत्र नारा, विठा, गोंदा आणि महादा. तुकोबांचे पुत्र महादेव, विठोबा आणि नारायण. दोन्ही वैष्णव घरांत महादेव आहे, हे ध्यानात घ्यावे. हरिहरांत भेद नाही हे त्यांनी पाळण्यातच सांगून ठेवले.

आता आपले चिंचवड पाहा. मोरया गोसावींचे पुत्र चिंतामणी, नातू नारायण आणि पणतू पुन्हा चिंतामणी. आजोबांचे नाव नातवाने चालवायचे, ही आपली जुनी रीत. याच गावचे हरिपंत चापेकर कीर्तनकार. त्यांचे पुत्र दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. तिन्ही नावे एकाच श्रीकृष्णाची. 1897 च्या रँड वधाच्या प्रकरणात हे तिघे भाऊ 1898 आणि 1899 साली फासावर गेले.

नावांची दुसरी एक जात होती : दगडू, धोंडू, केरबा, भिकू. लागोपाठ लेकरे दगावली की आई पुढच्या बाळाला असे नाव ठेवी. दगडाला, केराला कोण दृष्ट लावणार? त्या नावामागे माउलीचे भ्यालेले काळीज होते. पुढे देवीची लस आली, औषधे आली, पाण्याची सोय झाली. आपल्या पिंपरीतच 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. लेकरे जगू लागली, तशी ही नावे मागे पडली. ती गेली याचे वाईट कशाला वाटावे?

1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे या भागात कारखाने वाढले, गावोगावचे लोक येऊन राहिले. नावे मग पुस्तकांतून, सिनेमातून, क्रिकेटच्या मैदानावरून येऊ लागली. जुना तुकाराम बाबूरावसुद्धा कारखान्याच्या फाटकात शिरला की 'टी. बी.' होऊन बसला!

आता आजोबांना विनंती. सप्ताहात पहाटे आपण विष्णुसहस्रनाम म्हणता ना? मग त्यात आदित्य, रोहित, सिद्धार्थ, विक्रम, विजय, अनिल, अनिरुद्ध ही नावे आहेत, हे आठवून पाहा. रोहित म्हणजे तांबूस वर्णाचा. सिद्धार्थ म्हणजे ज्याला मिळवायचे काही उरले नाही असा. पहाटे ज्या नावाने देवाला आळवले, त्याच नावावर दुपारी बारशात रुसायचे, हे कसे?

आणि आईबापांनाही विनंती. ज्ञानेश्वर, सोपान, एकनाथ ही नावे जुनाट म्हणून लाजू नका. सावता, गोरा, चोखा ही किती साधी नावे! ज्यांनी ती धारण केली त्यांच्या भक्तीने ती मोठी झाली. नवे नाव ठेवलेत तर त्याचा अर्थ मुलाला सांगा. तो त्याला कोणी सांगितलाच नाही, तर सहस्रनामातले नावही वायाच गेले. उलट विठ्ठल नाव ठेवून दिवसभर "विठ्या, मेल्या" म्हणून ओरडलात, तर ते काही नामस्मरण नव्हे.

म्हणून तोड अशी सुचते. आत्याने कानात कुर्र करून आईबापांच्या आवडीचे नाव सांगावे. मग आजोबांनी बाळाला मांडीवर घेऊन त्याच कानात 'राम कृष्ण हरि' म्हणावे. नाव आईबापांचे राहील, नाम आजोबांचे राहील, आणि कोणी रुसणार नाही.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा त्या नातवाला बोट धरून दर्शनाला न्यावे. तेथे रोहित कोण आणि धोंडू कोण, हे कोणी विचारीत नाही. दिंडीत शिरलेल्या प्रत्येकाला एकच हाक येते : माउली!

॥ राम कृष्ण हरि ॥