केसाहून पातळ बॅटरी

प्रश्न : केसाहूनही पातळ बॅटरी असते आणि ती पुन्हा पुन्हा चार्ज करता येते, असं ऐकलं. एवढ्याशा जागेत रसायन भरतात तरी कसं?

उत्तर : भरत नाहीत, थरावर थर चढवतात. मोबाइलच्या बॅटरीत लिथियमयुक्त ऑक्साइडची भुकटी, काजळी आणि चिकटवणारं बाइंडर सरबरीत कालवून अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर लेप देतात. मग द्रव इलेक्ट्रोलाइट घालतात. अतिपातळ बॅटरीत बाइंडर नाही आणि द्रवही नाही.

निर्वात पेटीत लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची चकती ठेवून तिच्यावर आर्गॉनच्या आयनांचा मारा करतात. उडालेले अणू समोरच्या सिरॅमिकच्या किंवा सिलिकॉनच्या पट्टीवर बसत जातात. याला स्पटरिंग म्हणतात. काम फार सावकाश चालतं, चार-पाच मायक्रॉनच्या थराला तासन्‌तास लागतात. पुढे हा थर सुमारे 700 अंश सेल्सिअसला भाजावा लागतो. त्याशिवाय स्फटिक नीट जमत नाहीत आणि लिथियमची ये-जा अडते. साधं प्लास्टिक इथे बाद होतं ते यामुळेच.

खरी करामत मधल्या थराची. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॉन बेट्स, नॅन्सी डडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम फॉस्फेटचं स्पटरिंग नायट्रोजनमध्ये केलं. त्यातून काचेसारखा घन इलेक्ट्रोलाइट मिळाला, तो लिपॉन. त्यातून लिथियमचे आयन द्रवाच्या मानाने हजारो पटींनी कमी सहजतेने वाहतात. तरी बॅटरी चालते, कारण त्यांना जेमतेम एक-दोन मायक्रॉन अंतर कापायचं असतं! इलेक्ट्रॉनला मात्र तो जवळपास वाटच देत नाही. वर लिथियम धातूचा थर आणि दमट हवेपासून जपणारं आवरण. पट्टी सोडली तर सगळी जाडी 15 मायक्रॉनच्या आसपास.

एक अडचण उरते. लिथियम 180 अंशांना वितळतं आणि सर्किट बोर्डावर सोल्डरिंग करताना तापमान 250च्या घरात जातं. त्यावरचा उपाय मला फार आवडतो: लिथियमचा थर द्यायचाच नाही, नुसतं तांबं ठेवायचं. पहिल्या चार्जिंगला कोबाल्ट ऑक्साइडमधलं लिथियम निघून तांब्याखाली आपोआप थर धरतं.

या बॅटऱ्या हजारो वेळा चार्ज होतात. पण एक चौरस सेंटिमीटर जागेत कोबाल्ट ऑक्साइडचा एक मायक्रॉन थर जेमतेम 0.07 मिलिअँपिअर-तास साठवतो, तर मोबाइलला लागतात चार-पाच हजार. त्यामुळे छोटे सेन्सर आणि वीज गेल्यावर चिपमधलं घड्याळ चालू ठेवणं, अशी कामं त्यांच्या आवाक्यातली. मोबाइल त्यांच्यावर चालायचा नाही.