गाण्यात गुप्त निरोप लपवता येतो का?

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी रॉक गाणी ऐकतो आणि प्रत्येक गाण्यात दडलेला अर्थ शोधत बसतो. त्याचे आजोबा सांगतात, १९४२ साली चिमूरला तुकडोजी महाराजांच्या भजनातून लढ्याचा गुप्त निरोप गेला होता. खरंच असं असतं का? – एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : आजोबा म्हणतात ते बरंचसं खरं आहे. फक्त त्यातला ‘गुप्त’ हा शब्द काढायला हवा.

महाराजांच्या त्या वेळच्या प्रसिद्ध भजनात झाडं-दगडांसारख्या साध्या वस्तू शस्त्रं बनतील आणि भक्तांचीच फौज उभी राहील, अशी कल्पना आहे. भाषा सोपी हिंदी, बाजारात जाणाऱ्या कुणालाही कळेल अशी. भजन म्हटलं गेलं ते भरल्या सभेत. यात लपवलेलं काय? सरकारलाही उलगडा करायला कुणी जाणकार बोलवावा लागला नाही. १९४२ च्या ऑगस्टच्या अखेरीस महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून डिसेंबरमध्ये त्यांना सोडलं.

मग लोकांना ‘निरोप’ मिळाला असं का वाटतं? भक्तांची फौज, विकारांशी लढाई, नामाचं शस्त्र हे सारं संतवाङ्मयात जुनंच आहे. एरवी कीर्तनात ते ऐकून कुणी काठी उचलत नाही. पण ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी गांधीजींसह मोठे नेते पकडले गेले. पुढे काय करायचं हे सांगणारं फारसं कुणी बाहेर उरलं नाही. चिमूरजवळच्या गोंदेड्याच्या जंगलात महाराजांनी तपश्चर्या केलेली. या मुलखाचा त्यांच्यावर आधीपासून जीव. अशा माणसाच्या तोंडून तीच जुनी प्रतिमा आली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी तिचा सरळ अर्थ घेतला. महाराजांच्या मनातही देशाचीच गोष्ट होती, असं मला ठामपणे वाटतं.

भजनाची रीतही यात महत्त्वाची. महाराज एका हातात खंजिरी धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवत कडवं म्हणायचे आणि पालुपद आलं की सारी मंडळी ते उचलायची. भाषण माणूस नुसतं ऐकतो. पालुपद तो स्वतःच्या तोंडाने पाच-दहा वेळा म्हणतो, घरी जाताना गुणगुणतो, आणि मग ते त्याचंच होऊन जातं.

मात्र एकट्या भजनाने चिमूर पेटलं असंही समजू नये. नेत्यांची अटक, गावातले काँग्रेसचे कार्यकर्ते, सरकारविषयीचा साठलेला राग हे सगळं मागे होतंच. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, मोर्चा निघाला, गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर शहीद झाले आणि जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या या गावावर जो अत्याचार झाला, विशेषतः स्त्रियांवर, त्याच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं.

आता मुलाची गाणी. तिथेही पालुपदच मनात बसतं, पण कधी कधी ते फसवतं. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ चं ‘बॉर्न इन द यूएसए’ घ्या. पालुपद इतकं दणदणीत की अनेकांना ते देशाभिमानाचं गाणं वाटलं. त्याच वर्षी निवडणुकीच्या सभेत तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनीही स्प्रिंगस्टीनचं कौतुकाने नाव घेतलं. कडवी ऐकली तर कळतं, की व्हिएतनामच्या लढाईहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या माणसाचं ते दुःख आहे. उलट ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या गाण्यात लोकांनी सैतानाची पूजासुद्धा शोधली. ते लिहिणाऱ्यांपैकी डॉन हेन्ली यांनी मात्र निरागसपणाकडून अनुभवाकडे झालेला प्रवास, असा त्याचा अर्थ सांगितला आहे.

तेव्हा मुलाला अर्थ शोधू द्या, ही आवड चांगलीच आहे. एवढं सांगा, की आधी सगळी कडवी वाच, मग गाणं कोणत्या साली, कुणापुढे म्हटलं गेलं ते बघ. आणि आजोबांना ते भजन चालीवर म्हणायला लावा. पालुपद मुलाला धरू द्या.