क्रियाचिन्हे : नियम आणि संगणक यांमधील दुवा

शासनाचा नियम कागदावर असतो, तेव्हा त्याचा अर्थ माणूस लावतो. शब्दरचना थोडी मोघम असली, तरी अनुभवी लिपिक त्यामागील हेतू ओळखून काम करतो. संगणकाला हेतू ओळखता येत नाही. आज्ञेत जी चिन्हे लिहिली असतील, त्यांचाच तो तंतोतंत अंमल करतो. लाभार्थींच्या याद्या, पटसंख्येचे तक्ते आणि करवसुलीचे हिशेब आज संगणकावर तयार होतात. म्हणूनच या चिन्हांचा परिचय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

संगणकाच्या भाषेत अशा चिन्हांना ‘ऑपरेटर’, म्हणजेच क्रियाचिन्हे, म्हणतात. येथे दिलेली उदाहरणे ‘पायथॉन’ या भाषेतील आहेत. नेदरलँड्सचे गिडो व्हान रोसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. आज केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रातही ती शिकविली जाते.

भागाकार आणि बाकी

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांची चिन्हे अनुक्रमे +, - आणि * अशी आहेत. भागाकाराची चिन्हे मात्र दोन आहेत. ७५ / ३० याचे उत्तर २.५ येते, तर ७५ // ३० याचे उत्तर २ येते. दुसरे चिन्ह अपूर्णांक सोडून देते. % हे चिन्ह येथे टक्केवारी दाखवीत नाही, ते भागाकाराची बाकी देते. ७५ % ३० म्हणजे १५.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे शाळेच्या उदाहरणावरून दिसेल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन, तर ६१ ते ९० मुलांसाठी तीन शिक्षक आवश्यक आहेत. ७५ मुलांच्या शाळेसाठी कोणी नुसते // वापरले, तर संगणक दोनच शिक्षक दाखवील. बाकी १५ मुले उरतात, म्हणून आणखी एक शिक्षक हवा, ही अट आज्ञेत स्वतंत्रपणे लिहावी लागते. ती राहून गेली, तर गावातील एक शिक्षक कागदावरच कमी होतो.

तुलनेची चिन्हे

गणितातील = हे चिन्ह वेल्सचे रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये प्रचारात आणले. पायथॉनमध्ये = याचा अर्थ ‘ही किंमत या नावाखाली ठेव’ असा होतो. दोन राशी समान आहेत काय, हे विचारायचे असेल, तर == असे दुहेरी चिन्ह लिहावे लागते. समान नसल्याचे चिन्ह != असे आहे.

> म्हणजे ‘पेक्षा अधिक’ आणि >= म्हणजे ‘इतके किंवा त्याहून अधिक’. एखाद्या योजनेची अट ‘वय ६५ वर्षे व त्यावरील’ अशी आहे, असे समजू. आज्ञेत ‘वय > ६५’ असे लिहिले गेले, तर पूर्ण वर्षांत वय मोजताना नेमकी ६५ वर्षे भरलेली व्यक्ती यादीतून वगळली जाईल. चूक एका चिन्हाची असली, तरी त्या व्यक्तीला आपला अर्ज का नाकारला गेला, याचा उलगडा होणार नाही.

‘आणि’, ‘किंवा’ यांचा क्रम

शाळेत ‘कंचेभागुबेव’ हा क्रम प्रत्येकाने पाठ केलेला असतो. कंस प्रथम, भागाकार-गुणाकार त्यानंतर आणि बेरीज-वजाबाकी शेवटी, हा क्रम पायथॉनही पाळते. त्यातही बेरीज आणि वजाबाकी यांचा दर्जा समान असल्याने त्या डावीकडून उजवीकडे केल्या जातात. म्हणून १० - ४ + ३ याचे उत्तर ९ येते.

अटी जोडणाऱ्या ‘अँड’ म्हणजे आणि, ‘ऑर’ म्हणजे किंवा, या शब्दांनाही असाच क्रम आहे. त्यात ‘आणि’ आधी जोडला जातो, ‘किंवा’ नंतर. ‘विधवा किंवा दिव्यांग आणि उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत’ अशी एक काल्पनिक अट घेऊ. लिहिणाऱ्याच्या मनात उत्पन्नाची मर्यादा दोघांनाही लागू असेल. परंतु संगणक ती फक्त दिव्यांग अर्जदारांना लावील. पाच लाख उत्पन्न असलेली विधवा पात्र ठरेल आणि ६० हजार उत्पन्न असलेली दिव्यांग व्यक्ती अपात्र. ‘(विधवा किंवा दिव्यांग) आणि उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत’ असा कंस घातला की अर्थ निश्चित होतो.

पडताळणीची सोपी रीत

आज्ञा लिहिण्याचे काम तंत्रज्ञांचे असले, तरी नियमाचा खरा जाणकार कार्यालयात, शाळेत आणि ग्रामपंचायतीत असतो. यादी जाहीर होण्यापूर्वी त्याने काही नमुना अर्ज तपासून घ्यावेत : वय ६४, ६५ आणि ६६, पटसंख्या ६०, ६१, ९० आणि ९१, उत्पन्न मर्यादेइतके व मर्यादेहून एक रुपया अधिक. प्रत्येकाचे अपेक्षित उत्तर आधी कागदावर मांडावे आणि मग संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावे. बहुतेक चुका अशा सीमेवरच सापडतात. त्याचप्रमाणे नियमाचा मसुदा करतानाच ‘व त्यावरील’, ‘पर्यंत’, ‘आणि’, ‘किंवा’ हे शब्द काटेकोरपणे योजले, तर योग्य चिन्ह निवडणे तंत्रज्ञालाही सुकर होईल आणि हक्काचा लाभ हक्काच्या माणसापर्यंत पोहोचेल.