वस्तू कोणासाठी, हे आधी ठरू द्या



पालकहो, तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या स्पर्धेची सूचना मुलांच्या वह्यांत चिकटून एव्हाना घरी पोचली असेल. 'नैसर्गिक टाकाऊ साहित्यापासून उपयुक्त वस्तू तयार करणे.' एवढीच ओळ, खाली तारीख आणि गट. मी शाळेत कार्यानुभव शिकवते, त्यामुळे ही ओळ घरी गेल्यावर पुढे काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. संध्याकाळी आई मोबाइल उघडते, बाबा करवंट्या शोधतात, दादा ग्लू गन तापवतो आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी वस्तूवर लागणार असते तो गल्लीत क्रिकेट खेळत असतो.

प्रदर्शनाच्या टेबलांवर मग दरवर्षी तेच दिसतं. करवंटीचा गणपती, हिरांची झोपडी, नारळाच्या शेंडीचं माकड. फुलदाण्यांना तर अंतच नाही, आणि त्या बहुतेक सोनेरी. त्यांत काही फार सुबक असतात, खोटं कशाला बोलू. पण सूचनेत 'उपयुक्त' असा शब्द आहे आणि सगळे नेमके त्याच्यावरून उडी मारून पुढे जातात. शोभेची वस्तू करताना मुलाला स्वतःला आवडलं की काम संपतं. उपयोगाची वस्तू करायची तर दुसऱ्या माणसाकडे जाऊन विचारावं लागतं: तुमचं कुठे अडतं? हे विचारायला तुमचं मूल घराबाहेर पडलं, तर माझ्या लेखी निम्मी स्पर्धा तिथेच झाली.

आमच्याच शाळेतल्या एका मुलीचं सांगते. तिची आत्या कलमांच्या रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या कामाला जाते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती आता कोकणात घरोघरी माहीत आहेत. त्यांची कलमं वाढतात ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. लावताना पिशवी फाडून काढायची असते. कोणी काढतं, कोणी घाईत तशीच पुरतं. काढलेली बांधावर उडत राहते. शिवाय रोप पिशवीत जास्त दिवस राहिलं तर मुळं तळाशी गोल गोल फिरत बसतात. आत्या हे बोलली ती सहज, कुरकुर म्हणून. मुलीने तीच कुरकुर उचलली. मातीत तसंच पुरता येईल असं भांडं करायचं, असं तिने ठरवलं.

घरामागे पोफळी होत्याच. पोफळ वर्षाकाठी पाच-सहा झावळ्या टाकते आणि प्रत्येकीबरोबर विरी खाली येते. आपण लहानपणी जिच्यावर बसून एकमेकांना ओढलं, तीच. मुलीने विरी भिजवून द्रोणासारखी दुमडली आणि माडाच्या हिराने टाचली. ओली माती भरून उचलली तर टाचलेल्या जागेपासून खालपर्यंत सरळ फाटली. विरीचे धागे सगळे एकाच दिशेने धावतात. धाग्यांच्या दिशेने ओढा, चिवट. उभी चीर पडली की थांबत नाही. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी तिने दोन विऱ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या घातल्या. प्लायवूड बनवताना नेमकं हेच करतात; पण ते मी तिला नंतर सांगितलं, आधी नाही.

मग आतून पांढरी बुरशी धरली. आत्या म्हणाली, बुरशी चालेल गं, रोप मरता नये. मग खालून वाळवी आली. मग भांडी जांभ्या दगडाच्या कपच्यांवर ठेवली, तर कडा लोंबू लागल्या, कारण रोपवाटिकेत भांडं नेहमी कडेला धरून उचलतात आणि ही गोष्ट आत्याने सांगेपर्यंत आम्हा दोघींच्याही डोक्यात आली नव्हती. शेवटी कडेला काथ्याची सुतळी गुंफली आणि आतून सोडणाच्या तुसाचा थर दिला. ते भांडं पावसाळाभर टिकलं.

तरीही रोपवाटिकेने ते घेतलं नाही, आणि या गोष्टीतला मला सगळ्यांत आवडणारा भाग तो हाच. मुलीने हिशेब मांडला. काळी पिशवी अगदी स्वस्त आणि बघता बघता भरून होते. हिचं एक भांडं करायला अख्खी दुपार जाते. हजारो कलमांना हे परवडणारच नाही. मग कोणाला परवडेल? ज्याला थोडीच रोपं लावायची आहेत त्याला. जुलैमधल्या आमच्या शाळेच्या वृक्षारोपणाला तिची भांडी वापरली. किंमत आणि वेळ हाही वस्तूचाच भाग असतो, हे आठवीतल्या मुलीला कागद-पेन्सिलीने कळलं. माझ्या कुठल्या तासाला ते मला शिकवता आलं नसतं.

आता साहित्याविषयी. आपल्या पायरीपासून हाकेच्या अंतरावर काय पडतं, तिथूनच सुरुवात होऊ द्या. नेटवर जूट आणि बांबूच्या सुंदर वस्तू दिसतात म्हणून बाजारातून जूट आणू नका. विकत आणलेलं ते टाकाऊ कसं? आपल्याकडे विरी, सोडण, करवंटी, झावळ. तुमचे नातेवाईक जळगावकडे असतील तर तिथे घड उतरवल्यावर कापलेली केळीची खोडं ढिगाने पडतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी, पण त्याच सोपटाच्या दोऱ्यात आपण गजरे ओवतो. कोल्हापूरकडे उसाचं पाचट आणि चिपाड, विदर्भात कापसाची पऱ्हाटी. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था १९२४ पासून आहे. तिने पऱ्हाटीपासून फर्निचरच्या फळ्या करण्याचं तंत्र बसवलं. म्हणजे ज्याला आपण सरपण म्हणतो त्याच्यावर मोठी माणसं गंभीरपणे डोकं चालवतात, हे मुलांना जरूर सांगा.

प्रत्येक साहित्याचा स्वभाव असतो आणि तो हातात घेतल्याशिवाय कळत नाही. काथ्या खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही, कारण त्यात लिग्निन भरपूर, चाळीस टक्क्यांच्या वर; कापसात ते जवळजवळ नसतंच. म्हणून तर सोडणं महिनोन् महिने खाडीच्या पाण्यात कुजत घालून मग काथ्या कुटण्याची रीत पडली. भोवतालचा भाग सडतो, धागा उरतो. विरीचं वेगळं. भिजवलेली विरी तापलेल्या साच्यात दाबली की आकार धरते, गोंद लागत नाही. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून लग्नाकार्यात दिसणाऱ्या त्या ताटल्या अशाच होतात. घरी साचा नाही, पण दोन थाळ्यांमध्ये ओली विरी दाबून वर पाटा ठेवला आणि उन्हात वाळवली तर काय होतं, आणि मग त्यात आमटी वाढली तर काय होतं, हे मुलाला बघू द्या. आमटी बहुधा गळेल. गळू दे.

जोडायचं कशाने, इथे मात्र मी थोडी हट्टी आहे. ग्लू गनची काडी म्हणजे प्लास्टिक. सोनेरी ॲक्रिलिक रंग म्हणजेही प्लास्टिक. परसात टाकली तर मातीत मिसळून जाईल अशी विरी घेऊन आपण तिला चार तासांत कधीच न मिसळणारी करून टाकतो आणि वर 'पर्यावरणपूरक' अशी पाटी लावतो. ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही. कार्मेन हिहोसा या स्पॅनिश बाई चामड्याच्या धंद्यातल्या तज्ज्ञ. १९९०च्या दशकात त्या कामासाठी फिलिपिन्सला गेल्या आणि तिथे अननसाच्या पानांच्या धाग्याचं तलम कापड पाहून त्यांच्या डोक्यात कल्पना आली की तोडणीनंतर शेतात पडणाऱ्या पानांपासून चामड्यासारखं काही करावं. त्यापायी साठीच्या घरात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून त्यांनी डॉक्टरेट केली आणि 'पिन्याटेक्स' बाजारात आणलं. आज त्याच्या पर्सेस आणि बूट मिळतात. पण पाण्यात टिकावं म्हणून त्यावर कृत्रिम राळेचा लेप द्यावा लागतो, त्यामुळे ते पूर्णपणे मातीत मिसळत नाही. एवढ्या वर्षांच्या कामानंतरही हा प्रश्न सुटायचा राहिलाच आहे. तुमच्या मुलाने त्यावर चार दिवस डोकं खाजवलं तर काही बिघडत नाही.

उत्तरं पुष्कळदा घरात कोपऱ्यात बसलेली असतात. पूर्वी रद्दी भिजवून कुटायची, त्यात मेथीचं पीठ मळायचं आणि घागरीवर थापून टोपली करायची, हे तुमच्या सासूबाईंनी पाहिलेलं असेल. मेथी चिकटही आणि कडूही, त्यामुळे कीड लागत नाही. बाभळीचा डिंक आहे, कणकेची खळ आहे. (पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, ते विषारी, मुलांच्या हाती नको.) शिवणं, विणणं, खाच पाडून अडकवणं हेही जोडणंच आहे. पत्रावळ चोयांनी टाचतात, तिला गोंद लागला का कधी?

आणखी एक गोष्ट मुलाला विचारायला लावा: आपण ज्याला टाकाऊ म्हणतोय ते आत्ता कोण वापरतंय? बागेतला पातेरा कचरा वाटतो, पण भाताच्या राबाला तो लागतो. सोडणांवर आणि चुडतांवर कितीतरी घरांत अजून न्हाणीचं पाणी तापतं. शेजारच्या काकूंचं जळण उचलून आणून त्याची वस्तू केली, तर काकूंनी काय जाळायचं? एका मुलाने मागे ही चौकशी केली आणि साहित्यच बदललं. सोडणाऐवजी काथ्या काढल्यावर ढिगाने उरणारा भुसा घेतला, ज्याला त्या गावात कोणी विचारत नव्हतं. हा भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. पुढचं त्याचं त्याला सुचलं.

तुमच्या हातांबद्दल बोलायचं टाळत होते, पण बोलते. कोयता, करवत, ड्रिल तुम्ही चालवा, पण कुठे कापायचं ही रेघ मुलाने मारलेली असू दे, ती वाकडी असली तरी. करवंटी घासताना उडणारी धूळ नाकात जाते, तोंडाला फडकं बांधायला लावा. घायपाताचा धागा काढताना रसाने अंग खाजतं. आणि काजूच्या टरफलांना मुलांना अजिबात हात लावू देऊ नका. त्यातल्या तेलाने कातडी सोलून निघते हे कोकणात कोणाला सांगायला नको, पण दरवर्षी एखादं मूल टरफलं घेऊन येतंच. एवढ्या बाबतीत खुशाल नाही म्हणा. बाकी ठिकाणी जीभ आवरा. 'असं नाही रे, दे इकडे' हे वाक्य जितक्या कमी वेळा निघेल तितकं बरं.

खर्चाची काळजी करू नका. अरविंद गुप्ता हे कानपूर आयआयटीचे इंजिनिअर. पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन १९७८ साली ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमितीची मॉडेलं उभी केली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि ज्यांना तालुक्याच्या पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी: केंद्र सरकारची 'इन्स्पायर-मानक' योजना सहावीपासूनच्या मुलांसाठी आहे. तिथे आधी कल्पना मागतात. निवड झाली तर मॉडेल करायला दहा हजार रुपये मुलाच्या नावावर येतात. रंगकामाला तिथे फारशी किंमत नाही. नाव शाळेमार्फत द्यायचं असतं, माझ्याकडे या.

येत्या शनिवारी शाळेत पहिली बैठक आहे. मुलांनी तयार वस्तू आणायची नाही. पिशवीभर साहित्य आणायचं आणि एका वहीत दोनच गोष्टी लिहून आणायच्या: हे साहित्य कुठून आणलं, आणि कोणाशी बोललो, त्यांचं कुठे अडतं. ज्यांच्याशी बोलले ती माणसं मोकळी असतील तर त्यांनाही घेऊन या. मागच्या खेपेला एक मच्छीवाल्या मावशी आल्या होत्या, टोपलीतून पाठीवर गळणाऱ्या पाण्याबद्दल त्या अर्धा तास बोलल्या आणि चार मुलं त्याच कामाला लागली. आजी-आजोबा आले तर उत्तमच, त्यांच्यासाठी खुर्च्या काढून ठेवते. ग्लू गन तेवढी घरी राहू द्या.