उन्हाळी लागली म्हणून गप्प बसू नकोस

अगं, तुझी पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी येते, दिसतं मला. अभ्यासिकेतलं बाथरूम घाण, म्हणून पाणीच प्यायचं नाही, हो ना? औरंगपुऱ्यात दिवसभर अभ्यासाला बसणाऱ्या, वाळूजला कंपनीच्या बसने जाणाऱ्या कितीतरी पोरी हेच करतात. मग एप्रिल-मेमध्ये लघवीला जळजळ सुरू झाली की 'उन्हाळी लागली' म्हणायचं, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. बस जरा इथं.

पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आड मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. एकेकीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या. दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी त्या रक्तातून गाळतात आणि त्यातलं कामाचं पाणी, साखर, क्षार परत रक्तात ओढून घेतात. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. तू पाणी तोडलंस की मेंदूतून एक हार्मोन सुटतं आणि नळ न आलेल्या दिवशी आपली आई जशी थेंब थेंब पुरवून वापरते, तशी किडनी काटकसर सुरू करते. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. पण युरियासारखी घाण बाहेर टाकायला रोज निदान अर्धा लिटर लघवी लागतेच, त्याखाली काटकसर चालत नाही. क्षार दाट झाले की मुतखड्यालाही आयतं फावतं. त्यात आपलं मराठवाड्याचं ऊन.

किडन्यांतून दोन नळ्यांनी लघवी मूत्राशयात उतरते. दीड-दोनशे मिली साचलं की जाणीव होते, चार-पाचशेपर्यंत धरता येते. धरता येते म्हणून धरून बसू नये. लघवीची धार जाताना जंतूही धुऊन नेते. ती थांबली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. आणि आपली बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषांची वीसेक. शौचाच्या जागेचे जंतू, बहुतेक वेळा ई-कोलाय, सहज वर चढतात. हा जंतुसंसर्गाचा त्रास बायकांना जास्त होतो तो म्हणून. त्यात लाज कसली? पुसताना पुढून मागे पुसायचं. आणि पुढे लग्न झाल्यावर, जवळ आल्यानंतर लघवीला जाऊन यायचं. हे आई सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.

जळजळ, सारखं लागणं, लघवीत रक्त, यातलं काहीही झालं तर घाटीच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढ किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा. लघवी तपासायला देताना पहिली धार सोडून मधली डबीत धरायची. मैत्रिणीच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. जंतू अर्धवट मरतात आणि पुढे औषधाला दाद देत नाहीत. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. मग 'उद्या बघू' नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि आणखी एक, पाळीत पोट दुखलं की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक उठसूट घेतेस ना? अंगात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीला महागात पडतात.

राहिला बाथरूमचा प्रश्न. तो खराच आहे, त्यावर 'पाणी पी' एवढं सांगून भागत नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, यावर मुंबईतल्या बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ चालवली. तुम्ही निदान अभ्यासिकेच्या मालकाशी तरी बोला. दर महिन्याला फी भरता, मग दाराला कडी, बादलीत पाणी आणि रोज सफाई एवढं मागायचा हक्क आहे तुमचा. चौघी-पाचजणी मिळून उद्याच जा.