मेटल प्रिंटिंगचं कोटेशन वाचताना

धातूचा भाग थ्रीडी प्रिंट करून घ्यायचा म्हटलं की चाकण-भोसरीतला कारखानदार आधी ग्रॅमचा भाव विचारतो. त्या भावावरून फारसं काही कळत नाही. पावडरीचा थरावर थर पसरून तो लेझरने वितळवणाऱ्या पावडर-बेड मशीनमध्ये खरा पैसा वेळेचा आणि स्वच्छतेचा असतो.

हिशेब मांडून पाहा. भाग ६० मिलिमीटर उंच, थर ३० मायक्रॉनचा. म्हणजे २००० थर. दर थराला पावडर पसरायला १० सेकंद धरले, तर लेझर पेटण्याचा वेळ सोडूनच साडेपाच तास गेले. समजा मशीनचा तास २००० रुपयांना पडतो. हेच अकरा हजार झाले. भाग आडवा ठेवून उंची २० मिलिमीटरवर आणली तर ही रक्कम चार हजारांच्या आत येते, मात्र भागाला खालून धरणारे सपोर्ट वाढतात आणि खालची बाजू खडबडीत निघते. एकाच प्लेटवर पाच भाग बसवले तर पसरण्याचा खर्च पाचांत वाटला जातो. म्हणून एका नगाबरोबर भरलेल्या प्लेटचाही दर मागा.

आता उरलेल्या पावडरीचं. २५० मिलिमीटर चौरस बेड १०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरायला स्टेनलेस स्टीलची साधारण २५ किलो पावडर लागते, तुमचा भाग अर्ध्या किलोचा असला तरी. बाकीची चाळून पुन्हा वापरतात आणि ते योग्यच आहे. पण लेझरखालून उडालेले ठिणग्यांचे कण जाड, ऑक्सिडाइज झालेले असतात. ते बेडवर पडले की तिथला थर नीट वितळत नाही आणि आत पोकळी राहते. मशीनमधल्या आर्गॉन वायूचा प्रवाह ते फिल्टरकडे वाहून नेतो, चाळणी उरलेले अडवते. टायटॅनियमची पावडर प्रत्येक वापरात थोडा ऑक्सिजन घेते. टायटॅनियमच्या ग्रेड २३ मिश्रधातूला ऑक्सिजनची मर्यादा ०.१३ टक्के आहे. वैद्यकीय किंवा विमानाचा भाग असेल तर पावडर कितव्यांदा वापरली जाते आहे आणि तिची शेवटची तपासणी कधी झाली, हे लेखी घ्या.

फिल्टरमधल्या काजळीबद्दल मी सर्वांत आग्रही आहे. वितळताना धातूची वाफ होते आणि थंड होऊन अतिसूक्ष्म धूळ बनते. टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमची ही धूळ फिल्टर उघडताच हवेत पेटू शकते. ती निष्क्रिय करणं, बंद डब्यात ठेवणं, धातूच्या आगीसाठीचं डी वर्गाचं अग्निशामक बाळगणं आणि कचरा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडे पाठवणं, या सगळ्याला पैसे लागतात. एखाद्याचा दर फारच खाली असेल तर हे काम तो कसं करतो ते विचारा, जमल्यास जाऊन पाहा. तिथल्या कामगाराच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

नंतरचे खर्च वेगळे लिहून मागा: ताण काढणारी हीट ट्रीटमेंट, वायरकट, सपोर्ट काढणं, मशिनिंग. हीट ट्रीटमेंट प्लेटवरून कापण्याआधीच हवी, नाहीतर भाग वाकतो. वारंवार ताण सोसणाऱ्या भागाला हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग घ्या. त्याने आतल्या बंद पोकळ्या मिटतात, पृष्ठभागाला उघडणाऱ्या मात्र मिटत नाहीत. सीटी स्कॅन महाग असतो, तो मोजक्याच भागांना पुरे. त्याच प्लेटवर छापलेले टेस्ट बार एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तोडून घेणं मात्र कधीही टाळू नका.

खास मिश्रधातूची पावडर तुमच्या पैशाने आणवली असेल, तर उरलेली कोणाची आणि ती किती दिवस, कशी ठेवायची, हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा.