चिंचेवर चढण्याआधी दोराचं बोलू

अगं, चिंचेचं गुत्तं घेतलंस, झोडपायला माणूस मिळेना, म्हणून आता स्वतःच झाडावर चढणार म्हणतेस. ऐकलं तेव्हा मी तुला रागवणारच होते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकलेली चिंच कुणासाठी थांबत नाही. आणि चिंचा फोडायला बाया चालतात तर चढायला का नाही, हे तुझं म्हणणं मला पटलं. तेव्हा रागवणं राहू दे. दोरांची आणि गाठींची नावं ऐकून तुझं डोकं गरगरलंय, हे मला कळतं. पण बघ, सगळं दोन प्रश्नांवर येतं. दोर फिरता ठेवायचा की स्थिर? आणि तुला धरून ठेवणारी गाठ कुठली?

त्याआधी तो कापसाची गाडी आवळायचा प्लॅस्टिकचा दोर बाजूला ठेव. मानवतच्या बाजारात तो सहज मिळतो, पण तो ओझं बांधायला केलेला आहे, माणसाला नाही. असे बरेच दोर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते साधारण १६५ अंशांना वितळतं आणि गाठ भरकन घसरली की घर्षणानं भलतंच तापतं. तुला हवा तो झाडावर चढण्यासाठीच केलेला, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणणारा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा दोर. आणि कमरेला नुसता फास नको गं, त्यावर लटकलं की श्वास कोंडतो. मांड्यांना पट्टे असलेला हार्नेसच घे. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचव.

आता फिरता दोर. तो फांदीवरून टाकायचा, दोन्ही पदर खाली येतात. एक टोक हार्नेसच्या कडीला बांधायचं, हातभर शेपूट उरवायची आणि त्या शेपटीनं दुसऱ्या पदरावर सरकती गाठ मारायची. तुझं वजन दोन पदरांत वाटलं जातं, त्यामुळे गाठीवर साधारण अर्धाच भार येतो आणि ती बोटांनी सैल करता येते. त्रास एवढाच की एक फूट वर जायला दोन फूट दोर ओढावा लागतो. चिंचेची साल खरबरीत, त्यामुळे दंड भरून येतात. फांदीवर दोर घासू नये म्हणून मध्ये कडीचा पट्टा घालतात. तो घाल, साल वाचते आणि दोरही.

स्थिर दोर म्हणजे एक टोक पक्कं बांधलेलं, आणि तू एकाच पदरावर पायांच्या जोरावर चढतेस. उंच झाडावर हे फार कमी दमवतं, आणि दोर दोन-तीन बेचक्यांत अडकला तरी बिघडत नाही. पण तुझं सगळं वजन गाठीवर येतं. नुसती गाठ इतकी आवळते की खाली उतरणं मुश्कील होतं. त्यासाठी केव्हिन बिंगहॅम या अमेरिकन चढाऊ माणसानं ‘रोप रेंच’ बनवलं. गाठीच्या वर बसून ते घर्षणाचा काही भार घेतं. आणखी एक, दोर खाली बुंध्याला बांधला तर वरच्या फांदीवर तुझ्या वजनाच्या जवळपास दुप्पट ओढ येते. तू ५५ किलोची असलीस तर ११० धर, आणि हिसके बसले तर त्याहून जास्त. खरं सांगू का, या हंगामात फिरताच दोर धर. स्थिर पुढच्या वर्षी, शिकवणारा समोर असेल तेव्हा.

गाठींत प्रुसिक सह्याद्रीत चढणाऱ्या पोरांना पाठ असते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं ती १९३१ साली मांडली. घट्ट धरते, पण भाराखाली इतकी घट्ट की सैल करताना वैताग येतो. वाल्डोटेन ट्रेस ही वेणीसारखी गुंफलेली गाठ, अलगद सुटते आणि हळुवार सरकते. तिला मात्र नेमक्या जाडीची, उष्णता सोसणारी वेगळी दोरी लागते. दोरी गुळगुळीत निघाली किंवा वेढा कमी पडला तर ती धरतच नाही. म्हणून नवखीसाठी मी ब्लेकची गाठ सांगते. शेपटीचे चार वेढे खालून वर घ्यायचे, टोक खाली आणून मागून फिरवायचं आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून काढायचं. टोकाला आठाची गाठ मारायचीच, म्हणजे ते निसटत नाही. जाणत्याकडून हातात हात धरून शीक. उतरताना सावकाश उतर. घाईनं घसरलीस तर तिथला दोर तापून चकचकीत, कडक होतो, आणि तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

कोकणात नारळावर चढायची यंत्रं बघितलीस म्हणून ती मागवू नकोस. ती सरळसोट खोडाची आहेत, फांद्यांच्या चिंचेवर ती अडतात.

फांदी जिवंत, मनगटापेक्षा चांगली जाड, किमान १० सेंटिमीटर, आणि खोडाजवळची निवड. चढण्याआधी दोघींनी मिळून दोराला लोंबकळून बघा. मग तू एकटी जमिनीपासून हातभर उंचीवर बस, गाठ धरते का बघ, आणि हे दर खेपेला कर. जांभूळ आणि शेवगा कडकन मोडतात, तिथं हा खेळ नकोच. कोयता किंवा करवत चालवायची असेल तर खोडाभोवती दुसरा पट्टा हवाच, कारण पातं आपल्याच दोरावर कधी येईल ते कळत नाही. ओढणी घरी ठेव, वेणीचा अंबाडा बांध. केस गाठीत ओढले गेले तर सोडवता सोडवत नाहीत.

आणि एकटीनं कधीच नाही. हार्नेसमध्ये माणूस निपचित लटकला तर मिनिटं मोजकीच असतात, म्हणून खाली नुसतं बघणारं नको, वर येऊन तुला उतरवू शकेल असं कुणीतरी हवं. नणंदेलाही तुझ्यासोबतच शिकव. चढण्याआधी झाडाला एक फेरी मार, आग्यामोहोळ आहे का बघ. वीजतार फांद्यांजवळून जात असेल तर महावितरणला सांगून प्रवाह बंद करून घे, तोवर पायरीसुद्धा चढू नकोस. दोर आणलास की कळव, पहिले वेढे मारायला मी येते.